खाली डावीकडे फुगवटा

कोपरेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ‘शंभर टक्के’ नावाच्या कॅमेरेवाल्यांच्या ग्रुपवर कुणीही फोटो टाकला की साहेब आधी त्याचे चार कोपरे बघायचे, म्हणून हे नाव पडलं. फोटोत वाघ असो, विमान असो, नाहीतर कुणाची नवी कोरी नात असो. त्यांची नजर पहिल्यांदा वरच्या डाव्या कोपऱ्यात शिरायची, तिथून उजव्या, मग खाली. तपासणी संपली की निकाल यायचा, ‘मध्ये छान. कोपरे मऊ.’ मऊ म्हणजे अस्पष्ट. फोटो टाकणारा बिचारा त्या दिवशी नीट जेवायचा नाही. नवे सभासद कोपरे हे आडनावच समजायचे. एकाने त्यांना पाठवलेल्या पार्सलवर तेच घातलं, आणि असं कुणी इथे राहत नाही म्हणून पोस्टमन ते पार्सल परत घेऊन गेला.

ग्रुपच्या नावातही अर्थ होता. या मंडळींना अख्खा फोटो बघायची सवयच नव्हती. संगणकावर तो शंभर टक्के मोठा करायचा, म्हणजे पडद्यावर त्यातला टीचभर तुकडाच मावतो, आणि मग त्या तुकड्यात पानाची कड किती कोरीव आलीय, पिसाचा तंतू न तंतू सुटा दिसतो का, यावर बोलायचं. महिन्यातून एकदा सगळे एका छापखान्याच्या वरच्या खोलीत जमायचे. छापखान्याचा मालक हाच ग्रुपचा अॅडमिन. खाली यंत्रं धडधडायची आणि वर भिंतीवर एखाद्या माशीचा डोळा दाराएवढा होऊन बसलेला असायचा. एकदा एका ठेकेदाराने मोठ्या प्रेमाने आपल्या मुलीने टाकलेल्या पहिल्या पावलाचा फोटो दाखवला. सगळ्यांनी तो शांतपणे बघितला, आणि मग कुणीतरी म्हणालं की शटर अजून वेगात हवं होतं, पाऊल हललंय.

अशा मंडळींत कोपरेसाहेबांचा शब्द शेवटचा. त्याला कारण त्यांची नोकरी. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. बाजारात जाऊन दुकानदारांचे काटे तपासायचे, चुकीचे असतील तर जप्त करायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. त्यांच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात मखमली पेटीत पितळी प्रमाण-वजनं ठेवलेली असत. ती हातमोजे घालूनच उचलायची, त्यांच्याकडे तोंड करून बोलायचंही नाही, कारण श्वासाचा ओलावा बसला तरी वजन बदलतं. माल तपासायच्या आधी माप तपासा, हा साहेबांचा धर्म होता. लेन्सची तुलना करायची तर समोरची वस्तू न बदलणारी हवी, हे त्यांनी ग्रुपला ठणकावून सांगितलं होतं. बाकीचे विटांच्या भिंतीचे नाहीतर दारावर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचे फोटो काढून लेन्सा ताडून बघायचे. साहेबांना ते पटत नव्हतं. भिंतीला केस नसतात आणि वर्तमानपत्राला कातडी नसते. केसाचा शेंडा आणि कातडीचा पोत यांच्यावरच तर लेन्सची जात कळते.

म्हणून त्यांनी प्रमाण म्हणून बायको नेमली.

दर रविवारी सकाळी दहाला, खिडकीतला उजेड भिंतीपर्यंत पोचला की ती खुर्चीत बसायची. तोच निळा कुर्ता, तीच करड्या मण्यांची माळ, केस डाव्या कानामागे घेतलेले. खुर्चीच्या पायांच्या जागा फरशीवर रंगाने आखून ठेवलेल्या होत्या. नजर समोरच्या भिंतीतल्या खिळ्यावर ठेवायची. हसायचं नाही, कारण हसलं की गाल वर सरकतो आणि मागच्या फोटोशी तुलना होत नाही. नवी लेन्स असो, मित्राची उसनी आणलेली असो, की जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेली असो, ती या खुर्चीसमोरून गेल्याशिवाय पास व्हायची नाही. बायको सुरुवातीला हौसेने बसली, मग सवयीने, मग भाजी निवडायची राहिलीय असं म्हणत म्हणत. पण बसली. ग्रुपवर तिला टेस्टवहिनी म्हणत. तिच्या पापण्या सगळ्यांना पाठ होत्या. एकदा तर भाजीच्या दुकानात एका अनोळखी माणसाने तिला नमस्कार करून सांगितलं, की वहिनी, तुमचा डावा कान अप्रतिम येतो. घरी येऊन ती साहेबांना म्हणाली की जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाने माझं कौतुक केलं, तेही कानाचं. साहेबांनी विचारलं, कुठल्या लेन्सबद्दल म्हणत होता तो?

ही टेस्टवहिनी शहराच्या मोठ्या बसस्टँडवर गाड्यांच्या सूचना द्यायची. काचेच्या एका खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय, कुठली उशिरा आहे, हे सांगायचं. काम साधंच, पण तिचा आवाज साधा नव्हता. त्या कलकलाटात तो आवाज आला की माणसं आपोआप आपापल्या पिशव्या गोळा करायची. एखादं पोर हरवलं तर ती त्याचं नाव अशा तऱ्हेने पुकारायची की ते ऐकूनच त्याच्या आईचं रडं थांबायचं. स्टँडवरचे हमाल तिला ‘बाई’ म्हणायचे आणि ती रजेवर असली की गाड्यासुद्धा नीट लागत नाहीत असं सांगायचे. तिला या आवाजाचा अभिमान होता आणि तो ती लपवायची नाही. शहराला तिचा आवाज माहीत होता, चेहरा नव्हता. ग्रुपला चेहरा माहीत होता, आवाज नव्हता. दोन्ही ज्याच्या घरात होतं असा माणूस एकच, आणि तो त्यातला चेहरा वापरायचा, तोही कडेकडेचा.

तर साहेबांनी एक मोठी लेन्स घेतली. वर्षानुवर्षं जिच्याबद्दल वाचलं होतं ती. हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड, आणि पुढची काच एवढी मोठी की तिच्यात खिडकी उलटी दिसायची. पहिल्याच रविवारी फोटो काढला, संगणकावर चढवला, शंभर टक्के मोठा केला आणि चारही कोपरे बघितले. कोपरे असे की डोळ्यांत पाणी यावं. साहेब समाधानाने मागे रेलले, आणि रेलल्यामुळे आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट घडली, ती म्हणजे त्यांना अख्खा फोटो दिसला. खाली डावीकडे काहीतरी खटकत होतं. मण्यांची माळ गळ्यावरून उतरताना त्या बाजूला किंचित वर उचलल्यासारखी दिसत होती. जुन्या लेन्सचा गेल्या वर्षीचा फोटो काढून शेजारी लावला. त्यात माळ सरळ होती.

लेन्समधली एखादी काच तिरकी बसली तर चित्राची एक बाजू फुगते किंवा आकसते. हा दोष या मंडळींच्या रोजच्या बोलण्यातला. साहेबांनी लगेच दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘नवी लेन्स. कोपरे उत्तम. खाली डावीकडे फुगवटा. मतं द्यावीत.’ मतांना काय तोटा? कुणी म्हणालं, कारखान्यातच बिघडलेला नग आलाय. कुणी म्हणालं, इतकी मोठी काच म्हटल्यावर एवढं चालायचंच. एका वकिलाने तर फोटोवर रेघा आखून फुगवटा नेमका किती आहे ते मोजून दाखवलं. त्याची ती मेहनत बघून साहेबांना भरून आलं. कुणीही, अगदी कुणीही, ज्या गळ्यावर फुगवटा होता त्या गळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

लेन्स कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेली आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत आली. हे वाक्य साहेबांनी स्वतः कुठल्या दुकानदाराला कधी लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांना विशेष लागलं. त्यांनी फोटोंसकट ती पुन्हा पाठवली. या वेळी तिकडच्यांनी कटकट नको म्हणून आतली एक काच बदलून दिली. रविवारी बघतात तर फुगवटा आधीपेक्षा वाढलेला. साहेबांनी ग्रुपवर लिहिलं की चांगली वस्तू दुरुस्तीला दिली की ती बिघडते हे पुन्हा एकदा सिद्ध झालं. मग छापखानेवाल्यांची तसलीच लेन्स उसनी आणून लावली. तिच्यातही फुगवटा. दुसरा कुणी असता तर इथे तरी थांबला असता. साहेब थांबले नाहीत. ते शिस्तीने एकेक शक्यता बाद करत गेले आणि अशा निष्कर्षाला आले की दोन्ही लेन्सा निर्दोष आहेत, दोष कॅमेऱ्यात आहे. लेन्स जिथे अडकते ती कडी वाकलेली असणार. कॅमेरा दुरुस्तीला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तर इथे एका चोरापायी तीन संन्यासी चढले.

या सगळ्या महिन्यांत घरात आणखी एक गोष्ट चालली होती. वहिनींचा आवाज बसायला लागला होता. आधी नुसती खरखर होती. स्टँडवरच्यांनी माइकचा दोष धरला. तंत्रज्ञ आला, वायर बदलून गेला; खरखर राहिली. मग अख्खा माइकच नवा आणला. बाईंच्या आवाजात बिघाड होईल अशी शंका घेणं हा त्यांना बाईंचा अपमान वाटला असता. खुद्द बाईंनाही तसंच वाटत होतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, खोकल्याच्या गोळ्या झाल्या, काचेच्या खोलीतला पंखा बंद करून झाला. शेवटी संध्याकाळच्या सूचना वरिष्ठांनी एका नव्या मुलीकडे दिल्या. बाईंना विश्रांती म्हणून, असं सांगितलं. त्या दिवशी ती घरी आली आणि बराच वेळ पर्सही न ठेवता बसून राहिली.

ती साहेबांना सांगत नव्हती असं नाही. एका रविवारी खुर्चीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "हल्ली गिळताना काहीतरी अडकल्यासारखं होतं हो."

साहेब कॅमेऱ्यात डोळा घालून होते. ते म्हणाले, "हनुवटी खाली नेतेस तू. म्हणून माळ उचलली जाते. जरा ताठ बस."

ती ताठ बसली. पुढच्या खेपेला तिने माळ घालायला नकार दिला. ती म्हणाली की माळ आखडलीय, गळ्याला काचते. साहेबांनी तिला समजावून सांगितलं की मणी आखडत नाहीत. दोरा ओला झाला तर आखडू शकतो, पण हा दोरा नायलॉनचा आहे. मग त्यांनी स्वतः मागची कडी एक घर सैल करून दिली. कारण माळ नसेल तर आतापर्यंतच्या सगळ्या तुलना फुकट जाणार होत्या.

वाचणाऱ्याच्या हे केव्हाच ध्यानात आलं असेल आणि साहेबांचा राग आला असेल. येऊ दे. पण एक सांगायला हवं, ते काही निर्दय नव्हते. बायकोला ताप आला की ते रजा काढून घरी थांबत आणि थर्मामीटर दर तासाला लावत. त्यांचा गुन्हा वेगळाच होता. कचेरीतली ती पितळी प्रमाण-वजनंसुद्धा दर वर्षी पेटीत भरून मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जात, कारण पितळही झिजतं. त्या कागदावर सही साहेबांचीच असे. माप स्वतः बदलू शकतं, हे त्यांना पगारी कामात मान्य होतं. घरच्या मापाच्या बाबतीत तो विचार त्यांना शिवलाच नाही.

कॅमेराही निर्दोष ठरून परत आला. साहेबांनी ताजा फोटो टाकला, आणि ग्रुपवर चर्चेची दुसरी फेरी रंगली. या ग्रुपमध्ये नाक-कान-घशाचा एक डॉक्टर होता. नवीन आलेला, कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळते ती लेन्स वापरणारा. त्यामुळे त्याला कुणी विचारत नसे आणि तोही काही बोलत नसे. त्याने पहिल्यांदाच लिहिलं, ‘लेन्स ठीक आहे. वहिनींना डॉक्टरांना दाखवा.’

छापखानेवाल्यांनी ते वाक्य ताबडतोब काढून टाकलं. ग्रुपचा नियमच होता की इथे फक्त साधनांबद्दल बोलायचं. कोपरेसाहेबांना तर ती थट्टाच वाटली. तीन पातळ्यांवर केलेली तपासणी या माणसाने एका ओळीत उडवली होती, आणि तीही कुणी, तर फुकटच्या लेन्सवाल्याने. त्यांनी लिहिलं की ज्याने त्याने आपापल्या लेन्सपुरतं बोलावं. डॉक्टर काही चिडला नाही. त्याने साहेबांना वेगळा निरोप पाठवला. त्यात दोनच प्रश्न होते. गिळायला त्रास होतो का? आणि आवाज बसलाय का?

साहेब कचेरीत होते. निरोप वाचून आधी त्यांचा पारा चढला, आणि मग त्यांनी तो पुन्हा वाचला. आवाजाचं याला कुणी सांगितलं? ग्रुपवर तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. फोटोत आवाज दिसत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. समोरच्या टेबलावर एका किराणावाल्याचा काटा उघडून पडला होता. तो तसाच ठेवून ते घरी निघाले.

पण घरी जाऊनही त्यांनी काय केलं, तर तपासणी. सवय कुठे जाते? बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी तिला हाक मारली नाही. खुर्चीवर उशा रचल्या, त्यांच्यावर पाण्याची एक सरळसोट बाटली उभी केली, बरोबर तिच्या गळ्याच्या उंचीवर, आणि मोठ्या लेन्सने फोटो काढला. संगणकावर चढवून बाटलीच्या दोन्ही कडांना पट्टी लावली. डावी कड सरळ. उजवी कड सरळ. फुगवटा औषधालाही नव्हता.

सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा त्यांना आनंद झाला. लेन्स निर्दोष होती. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, की अगं, लेन्स चांगली आहे, बघ येऊन. ती ओले हात पुसत आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे एवढे महिने उगाच बोल लावलात तिला?"

साहेबांनी वळून पाहिलं. मध्ये कॅमेरा नव्हता. ती हात पुसत होती, मान जरा वळली होती, आणि गळ्याच्या एका बाजूला लिंबाएवढी गाठ कातडीखालून सरळ सरळ दिसत होती. तिने बोलून झाल्यावर आवंढा गिळला तशी गाठही वर सरकून खाली आली. ती त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली असं म्हणणं खोटं होईल. रविवारी रविवारी पाहिली होती, मोजली होती, चारचौघांत दाखवली होती. बाटली बाजूला करून ते त्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी दोघं त्याच डॉक्टरकडे गेले. दुसऱ्या कुणाकडे जायचं धैर्य साहेबांना नव्हतं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. डॉक्टरने गळा चाचपला, घशात नळी घालून पडद्यावर आत पाहिलं, आणि विचारलं की हे केव्हापासून आहे. वहिनी म्हणाल्या, नक्की नाही सांगता येणार, असेल काही दिवस. तेव्हा साहेबांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि टेबलावर उघडून ठेवला.

डॉक्टर एकेक फोटो पुढे सरकवत गेला. तीच खुर्ची, तोच कुर्ता, तोच उजेड, आणि गळ्याच्या कडेला आधी काहीच नाही, मग संशय यावा इतकं काहीतरी, मग वाटाण्याएवढं, मग बोराएवढं. पुस्तकात छापावी अशी मालिका होती. डॉक्टर म्हणालाही तसं, की एवढी व्यवस्थित नोंद मी कुठल्या रुग्णालयात पाहिली नाही. मग एका फोटोवर तो थांबला. हळू आवाजात त्याने सांगितलं की या सुमाराला आला असतात तर सोपं होतं. आता गाठीने आवाजाची नस ताणून धरलीय. गाठ काढता येईल, नसेचं मी आज काही सांगू शकत नाही.

मग त्याने साहेबांकडे पाहिलं. "हे सगळं तुम्ही दर आठवड्याला बघत होतात?"

"कोपरे बघत होतो," साहेब म्हणाले.

वहिनी टेबलाच्या या बाजूने वाकून पडद्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे फोटो कधी पाहिले नव्हते. त्यांना ते कुणी दाखवलेच नव्हते. त्या स्वतःचा चेहरा बघत राहिल्या, गाठ नसलेला, मग असलेला, आणि प्रत्येक फोटोत समोरच्या खिळ्याकडे बघणारा.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली आणि ती वाईट नव्हती असा तपासणीचा अहवाल आला, तेव्हा कोपरेसाहेब रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडले. पण आवाज राहिला नाही. उरला तो वारा जास्त आणि शब्द कमी. कानाशी तोंड नेलं तर कळेल इतपत. कदाचित वर्षभरात भरेल, कदाचित नाही, असं डॉक्टरने सांगितलं. ग्रुपवर सगळ्यांनी वहिनींना लवकर बरं वाटो असं लिहिलं, आणि त्याच दिवशी खासगीत दोघांनी विचारलं की ती मोठी लेन्स विकायचा विचार आहे का. एक प्रश्न मात्र ग्रुपच्या परंपरेला शोभणारा आला. मोजणाऱ्या वकिलाने विचारलं की फोटोतली व्यक्तीच जर बदलत होती, तर त्या काळातल्या सगळ्या लेन्सांचे निकाल आता ग्राह्य धरायचे की रद्द? त्यावर छापखान्याच्या वरच्या खोलीत बरीच चर्चा झाली म्हणतात. साहेब तिथे नव्हते. पुढेही ते कधी गेले नाहीत.

वहिनी परत कामावर रुजू झाल्या, पण काचेच्या खोलीत नव्हे. त्यांना पासाच्या खिडकीवर बसवलं. तिथे बोलावं लागत नाही. फोटो बघायचा, चेहरा ताडायचा, शिक्का मारायचा. साहेब रोज संध्याकाळी तिला न्यायला स्टँडवर जायला लागले. पहिल्या दिवशी ते खांबापाशी उभे असताना वरच्या भोंग्यातून नव्या मुलीची सूचना झाली. स्पष्ट होती, चूक काही नव्हती. जवळच पिशवीवर बसलेला एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, त्या बाई कुठे गेल्या हो? शेजाऱ्याने खांदे उडवले. साहेबांना त्या म्हाताऱ्याला उत्तर द्यावंसं वाटलं, पण ते खांबाच्या पलीकडे सरकले. इतकी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

एका संध्याकाळी दोघं स्टँडबाहेर रस्ता ओलांडायला उभे होते. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या, कंडक्टर आरडत होते, एक रिक्षावाला दुसऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. वहिनी काहीतरी म्हणाल्या. साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला, तरी नाही. तेव्हा ते पुढ्यात जाऊन तिच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तिच्या ओठांकडे बघू लागले. एखादं अक्षरही सुटू नये म्हणून त्यांना सगळा चेहराच बघावा लागला, डोळ्यांसकट.

"लेन्स दोनदा पाठवलीत," ती म्हणाली. "कॅमेरा एकदा पाठवलात. स्टँडवाल्यांनी माइक बदलला. माझ्या एका गळ्यापायी केवढी यंत्रं तपासून झाली."

त्यात राग नव्हता, निदान ऐकू येण्याजोगा नव्हता. सिग्नल सुटला, माणसं दोन्ही बाजूंनी त्यांना धक्के देत पुढे गेली, पण दोघं तिथेच उभी राहिली. साहेबांनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले.

तिने त्यांच्या शर्टाची बाही ओढली. त्यांनी वर पाहिलं.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "आपल्या दोघांत आता आवाज तुमच्याकडेच आहे."

"चुकलो मी," साहेब म्हणाले. ते पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्याने, आणि रस्ता ओलांडणाऱ्या दोघातिघांनी वळून पाहिलं.